नाव न विचारता सांगितलेली वेळ

नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. वर्गातलं घड्याळ दोन दिवसांपासून बंद होतं, म्हणून मी पर्समधून मोबाइल काढून वेळ बघितली. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, तुमच्या मोबाइलला टाइम कोण सांगतं?" मी म्हटलं, "नेटवर्क." तिने विचारलं, "आणि नेटवर्कला?" मी म्हटलं, "उपग्रह, अणुघड्याळं, असं काहीतरी." तेवढ्यात मागून एक मुलगा उठला. "मोबाइल नव्हता तेव्हा कोण सांगायचं?"

घंटा झाली आणि मी सुटले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. घरी येताना मला माझे नाना आठवले. ते कोकणातल्या आमच्या गावातल्या कित्येक माणसांसारखे 'बोटीवर' होते, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर खलाशी. म्हातारपणी गावी राहायला आले तेव्हा त्यांनी एक नियम पाळला. संध्याकाळच्या बातम्यांआधी रेडिओवर टूं टूं वाजायचं. त्या वेळी नाना भिंतीवरचं घड्याळ उघडून मोठा काटा बोटाने धरून उभे राहायचे आणि शेवटच्या टूंला बोट सोडायचे. आम्ही मुलं हसायचो. घड्याळ अर्ध्या मिनिटाने मागे पडलं तर काय बिघडतंय? नाना म्हणायचे, "जमिनीवर काही बिघडत नाही. बोटीवर घड्याळ चुकलं म्हणजे जागा चुकली."

तेव्हा हे वाक्य कळलं नव्हतं. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून आठवडाभर जे वाचलं, त्यात कळलं. आणि वाचता वाचता आणखीही एक गोष्ट दिसली. ती आज आपल्या कामाची आहे असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

वेळ म्हणजे जागा

पृथ्वी चोवीस तासांत 360 अंश फिरते. म्हणजे एका तासात 15 अंश आणि चार मिनिटांत एक अंश. भर समुद्रात असलेल्या जहाजाला आपण उत्तरेला किती आहोत हे सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून कळतं. पण पूर्व-पश्चिम किती, म्हणजे रेखांश किती, हे आकाशाकडे नुसतं बघून सहज कळत नाही. त्यासाठी दोन वेळा माहीत लागतात. एक, जहाज आहे तिथली वेळ. ती सूर्यावरून काढता येते. दुसरी, ग्रिनिचसारख्या एखाद्या ठरलेल्या ठिकाणची त्याच क्षणाची वेळ. दोन्हींतला फरक म्हणजेच रेखांश.

ही दुसरी वेळ जहाजावर घड्याळातून न्यावी लागायची. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावर टिकेल असं घड्याळ केलं आणि मोठा प्रश्न सुटला. तरी घड्याळ ते घड्याळच. रोज थोडं पुढे जायचं, थोडं मागे पडायचं. विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. एका मिनिटाची चूक म्हणजे पंधरा सागरी मैल. अंधारात किनारा जवळ येत असताना पंधरा मैलांची चूक म्हणजे काय, हे नानांना माहीत होतं.

म्हणून प्रत्येक मोठ्या बंदरात जहाजांना खरी वेळ दाखवायची सोय असायची. ग्रिनिचच्या वेधशाळेवर 1833 पासून रोज दुपारी एक वाजता खांबावरून एक मोठा गोळा खाली पडतो. बंदरातली जहाजं दुर्बिणीतून तो बघून घड्याळ लावायची. आपल्या मुंबईतली कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली, तीही मुख्यतः बंदरातल्या जहाजांना वेळ देता यावी म्हणून. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे याच वेधशाळेचे संचालक झाले. मराठी पत्रकारितेचा पाया घालणारा माणूस जहाजांची वेळ सांभाळणाऱ्या वेधशाळेतही होता, हे मला माझ्या बीएडच्या काळात कुणी सांगितलं असतं तर मी तो धडा वेगळ्या तऱ्हेने शिकवला असता.

पण गोळा दिसतो तो बंदरात. जहाज बाहेर पडलं की पुढच्या बंदरापर्यंत आठवडेच्या आठवडे आपल्या घड्याळावर विश्वास ठेवून चालायचं. ते खरं बोलतंय की खोटं, हे तपासायला वाटेत कुणी नाही.

अर्लिंग्टनचा आवाज

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनतारी संदेश आले. अमेरिकेच्या नौदलाने 1904-05 च्या सुमारास किनाऱ्यावरच्या आपल्या केंद्रांवरून वेळेचे संकेत पाठवायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये लष्कराच्या ताब्यातल्या आयफेल टॉवरच्या केंद्रावरून 1910 पासून वेळ सांगितली जाऊ लागली. मग 1913 मध्ये अमेरिकन नौदलाचं मोठं केंद्र वॉशिंग्टनसमोर, पोटोमॅक नदीपलीकडच्या अर्लिंग्टनला सुरू झालं. त्याचं हाकेचं नाव होतं एनएए. तीन लोखंडी मनोरे होते, एक 600 फुटांचा आणि दोन 450 फुटांचे. लोक त्यांना 'तीन बहिणी' म्हणायचे. अजून बोलणं हवेतून नियमित जात नव्हतं. मोठ्या विजेच्या ठिणगीतून फक्त लहान-मोठे ठोके पाठवता यायचे, तारेच्या कडकट्टासारखे.

वेळ सांगायची पद्धत साधी होती, आणि बारकाईने विचार केलेली होती. दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना दर सेकंदाला एक ठोका सुरू व्हायचा. हे ठोके नौदलाच्या वेधशाळेतल्या घड्याळाकडून तारेने अर्लिंग्टनला यायचे आणि तिथून हवेत जायचे. प्रत्येक मिनिटातला एकोणतिसावा ठोका गाळायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला अर्धं मिनिट झाल्याचं कळेल. पहिल्या चार मिनिटांत शेवटचे पाच ठोके गाळायचे, म्हणजे मिनिट संपत आलं हे कळेल. शेवटच्या मिनिटात मात्र शेवटचे दहा ठोके गाळायचे. दहा सेकंद पूर्ण शांतता, आणि मग बरोबर बारा वाजता एक लांब सूर. रात्री दहा वाजता पुन्हा हेच.

त्या दहा सेकंदांच्या शांततेचा मी खूप विचार केला. ऐकणारा मध्येच आला असेल, त्याला सुरुवात माहीत नसेल, तो नवशिका असेल, हे सगळं सांगणाऱ्याने आधीच धरलं होतं. कुठल्याही क्षणी कान लावला तरी पाच मिनिटांच्या आत तुम्हाला आपण कुठे आहोत ते कळणारच. शिक्षक म्हणून मला हा उत्तम पाठ वाटतो. मागच्या बाकावरचा, उशिरा आलेला मुलगासुद्धा त्यातून सुटत नाही.

1913 च्या जुलैपासून रात्रीच्या वेळेच्या संकेतानंतर हवामानाची माहितीही जाऊ लागली. तीसुद्धा अशीच आखीव. आधी हवामान खात्याची अक्षरं, मग किनाऱ्यावरच्या एकेका ठिकाणाचं अक्षर आणि पुढे पाच आकडे. पहिले तीन आकडे हवेचा दाब, चौथा वाऱ्याची दिशा, पाचवा वाऱ्याचा जोर. उदाहरण घ्यायचं तर, एच 00165 असं आलं तर एच म्हणजे हॅटेरसचं भूशिर, दाब 30.01 इंच, वारा नैऋत्येचा, जोर पाच. हॅटेरस हे जहाजं बुडण्यासाठी बदनाम असलेलं ठिकाण. तिथे आता काय चाललंय हे शेकडो मैलांवरच्या कप्तानाला पाच आकड्यांत कळायचं. नुसतं 'वादळी हवामान, सावध राहा' असं मोघम नाही. कुठलं ठिकाण, किती दाब, कुठला वारा, हे नेमकं. पुढचा निष्कर्ष कप्ताननेही काढावा, अशी सोय त्यात होती.

निरोप आणि पुकारा

आता मी मुद्द्यावर येते. बिनतारी संदेशाचा शोध लागला तेव्हा त्याचे दोन उपयोग समोर होते. एक निरोप, दुसरा पुकारा. निरोप एकाकडून एकाकडे जातो, त्याला नाव-पत्ता असतो आणि बहुतेक वेळा पैसे पडतात. पुकारा सगळ्यांसाठी असतो. त्याला ऐकणाऱ्याचं नाव माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं.

मार्कोनी कंपनीचा सगळा धंदा निरोपाचा होता. जहाजावरचा बिनतारी यंत्रवाला हा त्या काळी जहाजाचा नव्हे, बहुधा मार्कोनी कंपनीचा नोकर असायचा. (नाना ज्या काळात बोटीवर होते तोपर्यंतही आपले खलाशी त्या माणसाला 'मार्कोनीसाब' म्हणायचे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.) दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलेल्या जहाजाशी बोलायचं नाही, असं मार्कोनी कंपनीचं सुरुवातीचं धोरण होतं. समुद्र एकच, हवा एकच, पण यंत्र दुसऱ्याचं म्हणून उत्तर नाही. शेवटी 1906 मध्ये बर्लिनला अनेक देशांची परिषद झाली आणि यंत्र कुठलंही असो, किनाऱ्याच्या केंद्रांनी जहाजांचे संदेश घेतलेच पाहिजेत असं ठरवावं लागलं.

14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिकवर काय झालं हे सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातला एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने 'आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत' असं कळवलं, तेव्हा टायटॅनिकचा यंत्रवाला किनाऱ्यावरच्या केंद्राशी प्रवाशांच्या निरोपांचं काम करत होता. त्याने कॅलिफोर्नियनला गप्प बसायला सांगितलं. थोड्या वेळाने कॅलिफोर्नियनचा यंत्रवाला यंत्र बंद करून झोपायला गेला. दोघांतलं कुणी वाईट माणूस नव्हतं. दोघंही थकलेले तरुण होते. पण ज्या व्यवस्थेत ते काम करत होते तिथे पैसे मोजलेल्या निरोपाची रांग होती आणि जिवाच्या बातमीची रांग नव्हती. दोनच वर्षांनी, 1914 मध्ये, सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात उत्तर अटलांटिकमधल्या बर्फावर गस्त घालून सगळ्या जहाजांना कळवायची व्यवस्था ठरली. म्हणजे निरोपाच्या जगाला शेवटी पुकाऱ्याकडे यावं लागलं. दुर्दैवाने मोठी किंमत देऊन.

अर्लिंग्टनचे ठोके या बाबतीत पहिल्यापासून वेगळे होते. नौदलाने ते परोपकार म्हणून पाठवले नव्हते. लढाऊ जहाजांना नेमकी जागा कळावी हा त्यांचा स्वार्थ उघड होता. पण हवेला कुंपण घालता येत नाही. ठोका सुटला की तो मालवाहू जहाजालाही मिळतो, मच्छीमारालाही मिळतो, दुसऱ्या देशाच्या जहाजालाही मिळतो. जमिनीवर गावोगावच्या घड्याळजींनी छपरावर तारा टाकल्या आणि दुकानातल्या घड्याळांना रोज वेळ मिळू लागली. शाळकरी पोरांनी खनिजाचा खडा आणि तारेची गुंडाळी घेऊन ऐकायची यंत्रं बनवली. त्यांना बॅटरीसुद्धा लागत नव्हती. वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांकडे असलेली वेळ कुठल्या तरी गावातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानात त्याच क्षणी पोहोचायची, आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी मागायची नव्हती की फी भरायची नव्हती.

हे मला नवीन वाटत नाही, आणि आपल्या वाचकांनाही वाटू नये. इस्लामी जगातल्या मोठ्या मशिदींत मध्ययुगापासून 'मुवक्कित' नावाचा माणूस नेमलेला असायचा. आकाशाचं गणित करून नमाजच्या वेळा काढणं हे त्याचं काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हा थोर खगोलशास्त्रज्ञ मुवक्कित होता. तिथल्या मनोऱ्यासाठी त्याने केलेलं सूर्यघड्याळ विद्वानांना आजही माहीत आहे. मुवक्कित गणित करायचा, मुअज्जिन मनोऱ्यावरून पुकारायचा. नौदलाची वेधशाळा आणि अर्लिंग्टनचे मनोरे यांची विभागणी हीच होती. अजान ऐकणाऱ्याचं नाव विचारत नाही. गणित थोड्यांना येतं, वेळ मात्र सगळ्यांची असते.

आणि समुद्राच्या बाबतीत तर आपली मराठी भाषाच साक्ष देते. खलाशी, सारंग, नाखवा, बंदर, सुकाणू, तुफान हे शब्द अरबी-फारसीतून अरबी समुद्रावरच्या शेकडो वर्षांच्या ये-जा करण्यातून आले. 'मान्सून' म्हणजे अरबी 'मौसिम', पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून आलेला. 'हवामान' या शब्दात 'हवा' अरबी आहे आणि 'मान' आपलं. वारा सगळ्यांना सारखा लागतो, म्हणून वाऱ्याचे शब्दही सगळ्यांचे झाले असावेत.

गॅल्व्हेस्टन, दोनदा

पुकारा बंद केला की काय होतं, याचं उदाहरण एकाच किनाऱ्यावर दोनदा घडलं. टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन हे बेटावरचं शहर 8 सप्टेंबर 1900 च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालं. किमान सहा हजार माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत जीवघेणी नैसर्गिक आपत्ती. हवानाच्या बेलेन वेधशाळेतल्या जेसुइट पाद्र्यांची आणि क्युबातल्या हवामानतज्ज्ञांची वादळांच्या अभ्यासाची जुनी परंपरा होती, आणि हे वादळ मेक्सिकोच्या आखातात, टेक्सासच्या दिशेने जाईल असं त्यांना वाटत होतं. पण क्युबा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता आणि अमेरिकन हवामान खात्याला स्थानिक लोकांचं ज्ञान नको होतं. क्युबातून हवामानाच्या तारा पाठवण्यावर खात्याने बंदी आणवली होती. वादळ वळून ईशान्येला जाईल, असं खातं धरून बसलं. वादळ वळलं नाही.

हे फक्त सांगणाऱ्याचं अपयश नव्हतं, ऐकणाऱ्याचंही होतं. ज्याला दुसऱ्याचं ऐकायचं नाही, त्याचं सांगणंही विश्वासाचं राहत नाही. पुढच्या काही वर्षांत बिनतारी संदेशांनी हे बदललं. 1905 च्या डिसेंबरात भर समुद्रातल्या जहाजाने हवामान खात्याला पहिल्यांदा हवेतून निरीक्षण कळवलं. ऑगस्ट 1909 मध्ये युकाटानच्या किनाऱ्याजवळून 'कार्टागो' या जहाजाने चक्रीवादळाची पहिली बिनतारी खबर दिली. अर्लिंग्टनहून जे आकडे जायचे, त्यांच्या उलट दिशेने जहाजांची निरीक्षणंही यायची. सांगणं आणि ऐकणं एकाच व्यवस्थेचे दोन हात झाले.

पण व्यवस्था सरकारची होती, आणि सरकार दिलेलं परत घेऊ शकतं. 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा हौशी लोकांना छपरावरच्या तारा उतरवायचा हुकूम झाला. दुसऱ्या महायुद्धात तर हवामान हेच गुपित झालं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 1939 पासून रेडिओवरचे हवामानाचे अंदाज बंद झाले. शत्रूच्या विमानांना फायदा होईल म्हणून. यामागचं कारण मला समजतं. पण जुलै 1943 मध्ये पुन्हा गॅल्व्हेस्टनजवळच एक चक्रीवादळ आलं. पाणबुड्यांच्या भीतीने समुद्रावरची जहाजं रेडिओवर गप्प होती, बातम्यांवर सेन्सॉर होता. किनाऱ्यावरच्या लोकांना नीट इशारा मिळाला नाही. 19 माणसं मेली. 1900 च्या मानाने आकडा लहान आहे, पण ज्या गावाने सहा हजार माणसं पुरली त्याच्याच किनाऱ्यावर, सगळी यंत्रं हाताशी असताना, लोकांपासून वारा लपवला गेला.

आपल्या दाराशी

आपल्याकडे 'रामदास' बोट 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हती. मुंबई इतकी जवळ असून बातमी कित्येक तासांनी, पोहून वाचलेल्या माणसांकडून पोहोचली. कोकणातल्या प्रत्येक धर्माच्या घरात ही गोष्ट सांगितली जाते. आमच्या घरातही सांगितली जायची, आणि सांगून झाल्यावर नाना बराच वेळ बोलत नसत.

आज बोटींवर वायरलेस आहे, उपग्रह आहेत, हवामान खात्याचे रंगीत इशारे आहेत. मग मी हे का लिहितेय? कारण यंत्रं पुकाऱ्याची आहेत, पण आपण ती निरोपासारखी वापरतो आहोत.

एका पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर मुसळधार पाऊस. सकाळी शाळेला सुट्टी आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. सुट्टीचा आदेश निघाला होता, पण तो एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा फिरत आमच्याकडे पोहोचला तेव्हा पावणेआठ वाजले होते. तो कागदाचा तिरका फोटो होता, अस्पष्ट, आणि इंग्रजीत. आमच्या उर्दू शाळेतली निम्मी मुलं तोपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून शाळेच्या दारात आली होती. त्यांच्या आयांना तो फोटो मिळालाही असता तरी वाचता आला नसता. कार्यालयाच्या दृष्टीने आदेश 'निघाला' होता. कागदावर तारीख होती, सही होती. फक्त तो कुणाच्या कानात पडायला हवा, याचा विचार नव्हता. अर्लिंग्टनच्या माणसांनी मध्येच कान लावणाऱ्यासाठी दहा सेकंदांची शांतता ठेवली होती. आम्ही मुलाच्या आईला कळेल अशी एक ओळ लिहू शकलो नाही.

आता दुसरी गोष्ट, आपल्याच घरातली. आमच्या मोहल्ल्यात एका रमजानमध्ये सहर-इफ्तारचे दोन तक्ते लागले. दोन्हींत इफ्तारच्या वेळेत दोन मिनिटांचा फरक. त्यावरून तोंडातोंडी झाली, कोण खरा मुसलमान इथपर्यंत विषय गेला. मी दोन्ही तक्ते घेऊन बसले. चार मिनिटांचा एक अंश, म्हणजे दोन मिनिटांचा अर्धा अंश. आमच्या भागात पूर्व-पश्चिम अर्धा अंश म्हणजे पन्नास किलोमीटरहून थोडं जास्त. चौकशी केली तेव्हा कळलं की एक तक्ता घाटावरच्या दुसऱ्या गावासाठी केलेला होता, तो कुणीतरी तसाच छापून आणला होता. गावाचं नाव छापायचं राहिलं होतं. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर होते. भांडण धर्माचं नव्हतं, रेखांशाचं होतं. ज्या परंपरेने इब्न अल-शातिर दिला, त्या परंपरेतल्या माणसांना हे दहा मिनिटांत कळायला हवं होतं. अर्लिंग्टनच्या पाच आकड्यांआधी ठिकाणाचं अक्षर असायचं, ते यासाठीच. कुठली माहिती, कुठली जागा, हे न सांगता दिलेला बरोबर आकडासुद्धा माणसांना भांडायला लावतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिवाशी आणि रोजच्या जगण्याशी संबंध असलेली माहिती, मग ती पावसाची असो, शाळेची, लसीची, परीक्षेची की चंद्रदर्शनाची, ती पुकाऱ्यासारखी द्यायला हवी. तिच्यावर जागा आणि वेळ लिहिलेली हवी. ती ठरलेल्या वेळी यायला हवी, म्हणजे आली नाही तर लोकांना शंका येईल. ती ऐकणाऱ्याच्या भाषेत हवी. ती कुणालाही तपासता यायला हवी. आणि सांगणाऱ्याने उलट दिशेची माहितीही घ्यायला हवी, कारण वाडीतल्या तांडेलाला आज वारा कुठून येतोय हे कार्यालयापेक्षा आधी कळतं.

काहीजण म्हणतील, आता ॲप आहे, त्यात सगळं मिळतं. मिळतं, मी नाकारत नाही. पण ॲप आधी नंबर विचारतं, मग ठिकाण विचारतं, मग भाषेच्या यादीत कधी उर्दू असते, कधी नसते. रिचार्ज संपला की तेही गप्प. खड्याच्या यंत्राला बॅटरी लागत नव्हती, ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. वादळात सर्वांत आधी वीज जाते आणि मग टॉवर. तेव्हा गावात जो भोंगा चालू राहील, जो रेडिओ बोलत राहील, तोच खरा. मशिदीचा लाउडस्पीकर, देवळाची घंटा, ग्रामपंचायतीचा भोंगा यांना पावसाळ्यात वादळाच्या इशाऱ्यासाठी एकत्र आणायला कायदा लागत नाही. गावातली चार माणसं एकत्र बसली तरी पुरे.

दुसरी शंका मोठी आहे. ज्या सत्तेने हे ठोके पाठवले तिनेच क्युबाच्या तारा बंद केल्या, मग तिचं कौतुक कशाला? मी सत्तेचं कौतुक करत नाहीये. मी त्या ठोक्यांचं करतेय. नौदलाचा हेतू स्वतःपुरता होता, पण दिलं ते सगळ्यांना पोहोचेल अशा रूपात दिलं, आणि एकदा तसं दिल्यावर लोकांना त्याची सवय झाली, हक्क वाटू लागला. आपणही सत्तेच्या मनातली चांगुलपणाची वाट बघत बसू नये. माहिती सगळ्यांना पोहोचेल अशा रूपातच मागावी.

अर्लिंग्टनचे तीन मनोरे 1941 मध्ये उतरवले गेले. शेजारी नवा विमानतळ झाला होता आणि मनोरे विमानांच्या वाटेत येत होते. पण वेळेचे ठोके थांबले नाहीत. वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या केंद्रांवरून चालू राहिले. 1924 पासून बीबीसीवर ग्रिनिचचे सहा टूं टूं सुरू झाले, आणि नाना ज्यांच्यासाठी काटा धरून उभे राहायचे ते आपल्या रेडिओवरचे टूं टूं त्याच कुळातले.

सोमवारी वर्गात गेले आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उत्तर दिलं. फळ्यावर पाच आकडे लिहून वारा वाचायला शिकवला. मग वर्गातलं बंद घड्याळ खाली काढलं, नवा सेल घातला आणि मुलांना रेडिओ लावायला सांगितला. काटा कोण धरणार यावरून थोडी ओढाताण झाली. शेवटी ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिने तो धरला, आणि शेवटच्या टूंला सोडला.